एआयचा बुद्ध्यांक कुणाच्या तुलनेत?

२, ६, १२, २०, ३० आणि पुढे? मुंबईत शिष्यवृत्तीची तयारी करणारं कुठलंही मूल फरक पाहून ४२ सांगेल. एआयसुद्धा सांगतं. लगेच ‘एआयचा बुद्ध्यांक अमुक’ असे आकडे फिरू लागतात. मला हे आकडे दिशाभूल करणारे वाटतात.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमत्तेची चाचणी तयार केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीला मराठी आणि कानडी रूप दिलं. नुसतं भाषांतर करून भागलं नाही. इथल्या मुलांना प्रश्न देऊन कोणता प्रश्न कोणत्या वयाला झेपतो, हे नव्याने ठरवावं लागलं. कारण बुद्ध्यांक १०० म्हणजे आपल्या वयोगटाची सरासरी. मग एआयचा वयोगट कोणता?

अंक लक्षात ठेवण्याची चाचणी बघा. मानसतज्ज्ञ सेकंदाला एक या गतीने म्हणतात: ५, ९, १, ७, ४. मुलाने उलट म्हणायचं: ४, ७, १, ९, ५. ते डोळे मिटतं, ओठ हलवतं, मधलाच एखादा अंक निसटतो. ज्याला हे जमतं त्याला सहसा तोंडी गणितं आणि लांबलचक वाक्यंही बरी जमतात. माणसांची निरनिराळी कौशल्यं अशी एकमेकांना धरून असतात, हे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. म्हणून तर तासाभराच्या चाचणीवरून मुलाबद्दल काही बोलता येतं. एआयपुढे मात्र सगळे अंक लिहिलेलेच असतात, निसटणार काय? उलट वकिलीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवणारी एआय मॉडेलं शब्दातली अक्षरं मोजताना चुकत होती, कारण मजकूर त्यांच्याकडे अक्षरांऐवजी तुकड्यांत पोचतो.

शिवाय जुने पेपर इंटरनेटवर पडलेले असतात आणि एआय तिथल्याच मजकुरावर शिकलेलं असतं. ही अडचण ओळखून एआय संशोधक फ्रान्स्वा शोले यांनी २०१९ मध्ये रंगीत चौकटींची कोडी रचली. प्रत्येकाचा नियम नवा. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीच्या ओ३ या मॉडेलने त्यात ७५.७ टक्के मिळवले. २०२५ मध्ये अवघड आवृत्ती आली आणि त्या पिढीची मॉडेलं पार खाली आली.

मुंबईच्या रुग्णालयात क्षयरोगासाठी छातीचे एक्स-रे वाचायला एआय आणायचं असेल, तर बुद्ध्यांक विचारूच नका. इथल्याच रुग्णांचे, इथल्याच यंत्रांवर काढलेले एक्स-रे त्याला द्या. किती रुग्ण नजरेतून सुटले आणि किती निरोगी माणसांना त्याने रुग्ण ठरवलं, ते मोजा.