फटींतून वाचायची अक्षरं
फाँट घडवणाऱ्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' फाँट नावानं माहीत नसला, तरी एखाद्या बॅनरवर किंवा खाऊच्या पाकिटावर तुमच्या नजरेस पडला असेल. अक्षरं एवढी गुटगुटीत की त्यांच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ संपलेली, उरल्या त्या बारीक फटी. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची ही देवनागरी आधी कागदावर हातानं रेखाटली गेली आणि मग संगणकात उतरली.

नेहमीच्या फाँटमध्ये काळी रेघ काढली की पांढरं आपोआप उरतं. इथं पांढरंच जपून काढावं लागतं. 'व' आणि 'ब' शेजारी ठेवून पाहा: फरक काय तो पोटातल्या तिरक्या रेघेचा. रेघा जाड करत गेलं की पोट बुजतं आणि 'ब'चा 'व' होतो. 'ध' आणि 'भ'ची भिस्त बरीचशी शिरोरेषेतल्या फटीवर. ती मिटली की 'घ', 'म'शी घोळ ठरलेला.

जोडाक्षरांत खरी कसरत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सामायिक यादीत, 'क्ष'ला स्वतंत्र जागा नाही. आपण क, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि ष टाइप करतो, आणि फाँटमधला नियम त्यांच्या जागी एक तयार आकृती बसवतो. ती आधी कुणीतरी काढून ठेवलेली असते. 'ह्य'सारखी गुंतागुंत इतक्या जाड रेघांत मावणार कशी? मोदकातली फट म्हणूनच एका साच्यातली नाही. अक्षर ओळखू यावं म्हणून ती हवी तशी वळते.

आता डोळ्याचं गणित. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो. १० मीटरवरून हे माप सुमारे ३ मिलिमीटर भरतं. रस्त्यापलीकडून वाचायच्या पाटीवर फट याहून बारीक झाली, तर दिसतील नुसते काळे गोळे. हातातल्या फोनवर अक्षर लहान केलं की तीच फट पडद्याच्या ठिपक्यांत करडी होऊन विरते. त्यामुळे हा फाँट मथळ्याचाच. फ्लेक्सवर वेळ, पत्ता आणि वीस शुभेच्छुकांची नावंही यातच कोंबणारे महाभाग आहेत. त्यांना कोण सांगणार!

गोलाई प्रेमळ का वाटते? २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून यातली 'बूबा' कोणती, 'किकी' कोणती, असं विचारलं. बहुतेकांनी गोल आकृतीला बूबा म्हटलं. मानसशास्त्रज्ञ क्योलर यांनी १९२९ मध्येच असा प्रयोग वेगळ्या शब्दांनी केला होता. यातून फाँटचा स्वभाव सिद्ध होत नाही, पण आकार आणि आवाज यांची डोक्यात कुठंतरी सांगड असते, एवढं दिसतं. वाढदिवस, बालवाडी, मिठाई इथं मोदक शोभतो. औषधाच्या लेबलवर तो नकोच.

फाँट मोफत आहे, परवाना खुला आहे, छापील कामालाही चालतो. मात्र वजन (रेघेची जाडी) एकच, बारीक-ठळक भावंडं नाहीत. मथळ्याखालच्या पत्त्यासाठी याच संस्थेचा साधा, सडपातळ 'मुक्त' घ्यावा.