बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन की बिझनेस मॅनेजमेंट? कम्युनिटी कॉलेजातल्या दोन पदव्या

अमेरिकेतल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज या दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या सरकारी कॉलेजच्या, म्हणजे सगळे ज्याला नोवा म्हणतात त्याच्या, अभ्यासक्रमांच्या यादीत दोन नावं हमखास घोळ घालतात. एक बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, ए.एस. (असोसिएट ऑफ सायन्स) आणि दुसरं बिझनेस मॅनेजमेंट, ए.ए.एस. दोन्ही असोसिएट डिग्रीच, दोन्ही दोन वर्षांच्या, साधारण ६० क्रेडिटच्या, आणि क्रेडिटमागची फीही तीच. हर्नडन-ॲशबर्नकडच्या मराठी घरांत मुलाच्या हायस्कूलनंतर किंवा बऱ्याच वर्षांनी नोकरीकडे वळणाऱ्या कुणाच्या निमित्ताने ही यादी उघडली जाते, आणि ‘एक ए जास्त, त्यात काय एवढं’ असं म्हणून विषय मिटतो. तो जास्तीचा ए ‘अप्लाइड’चा, म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स. पुढे विद्यापीठात जायचं की थेट कामाला लागायचं, ते त्या एका अक्षरावर ठरतं.

आपला गोंधळ होण्यामागे एक साधं कारण आहे. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला की भोसरी-चाकणला नोकरी धरता येते, नाहीतर इंजिनीअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. एकाच सर्टिफिकेटवर दोन्ही वाटा मोकळ्या. अमेरिकेत या वाटा पहिल्याच सेमिस्टरला फुटतात, आणि हे तिथे कुणी मुद्दाम बसवून सांगत नाही.

मूळची वाट विद्यापीठाचीच. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं. १९०१ साली ते सुरू झालं ते मुलांना गावातच राहून विद्यापीठाची पहिली दोन वर्षं करता यावीत म्हणून. स्थानिक धंद्यांना माणसं तयार करून देणं हे काम पुढे वाढत गेलं. ए.एस. आजही त्या पहिल्या कामाला बांधलेली आहे. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा विद्यार्थी इंग्रजी लेखन, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, मॅक्रो आणि मायक्रो इकॉनॉमिक्स, अकाउंटिंगचे दोन पेपर आणि थोडं विज्ञान असं शिकतो. जॉर्ज मेसनसारख्या विद्यापीठात कॉमर्सच्या मुलाला पहिल्या दोन वर्षांत जे करावं लागतं तेच. ठरलेले ग्रेड मिळाले तर व्हर्जिनियातल्या बऱ्याच विद्यापीठांशी हमीच्या प्रवेशाचे करार आहेत आणि मुलगा तिसऱ्या वर्षात जाऊन बसतो. दोन वर्षांची विद्यापीठाची फी वाचते. यात फारसं गूढ नाही. मात्र ही पदवी घेऊन कुणी थेट नोकरी मागायला गेला, तर कॅल्क्युलस येतो याचं टायसन्स कॉर्नरच्या एखाद्या ऑफिस मॅनेजरला काही कौतुक नसतं.

ए.ए.एस. उलट्या टोकाकडून बनते. आधी विचारायचं की आसपासच्या कंपन्यांना, दुकानांना, हॉटेलांना कोणतं काम करणारा माणूस मिळत नाही, आणि मग विषय ठरवायचे. त्यासाठी स्थानिक मालक आणि मॅनेजर यांची सल्लागार समिती असते. कोणतं सॉफ्टवेअर आता वापरात नाही, नव्या माणसाला काय येत नाही, हे तिथे बोललं जातं. केंद्राचा पर्किन्स कायदाही मागे आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्याचा निधी हवा असेल तर दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचा आढावा घ्यावा लागतो. हा पैसा नोकरीकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी असतो. त्यामुळे ‘कम्युनिटी कॉलेज स्थानिक रोजगारासाठी शिकवतं’ हे वाक्य माहितीपत्रकात सगळ्या बिझनेस विभागाच्या नावावर छापलेलं असलं, तरी ते खरं करून दाखवण्याचा भार मुख्यतः ए.ए.एस. आणि छोट्या सर्टिफिकेटांवर असतो.

स्थानिक गरज म्हणजे काय, ते पगारपत्रकात नीट दिसतं. व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पेरोल अकाउंटिंग असा वेगळा विषय आहे. फेअरफॅक्समधल्या वीस माणसांच्या एखाद्या रेस्टॉरंटचा पगार काढायचा म्हटलं तर सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणच्या आरोग्य विम्याचे) १.४५ टक्के कामगाराच्या पगारातून कापायचे, तेवढेच मालकाने भरायचे, दर तिमाहीला या कपातीचा हिशेब देणारा फॉर्म ९४१ आणि वर्ष संपलं की ३१ जानेवारीपर्यंत प्रत्येकाच्या हातात डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. एवढं देशात कुठेही सारखंच. पण इथला आचारी पोटोमॅकपलीकडे मेरीलँडमध्ये राहत असेल तर त्याच्या पगारावर व्हर्जिनिया राज्याचा कर लागत नाही, कारण दोन्ही राज्यांत तसा करार आहे. वॉशिंग्टनहून रोज येणाऱ्यांचंही तसंच. हे माहीत नसलेल्या कारकुनाने सरसकट व्हर्जिनियाचा कर कापला की त्या आचाऱ्याला वर्षाच्या शेवटी रिटर्न भरून आपलेच पैसे परत मागावे लागतात. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, तिथल्या वर्गात हा प्रश्न डोकावणारही नाही. सरकारी खरेदी आणि कंत्राटांचंही तेच. पेंटागॉन आणि त्याच्यावर जगणाऱ्या कंपन्या शेजारी आहेत, म्हणून नोवात तो विषय आहे.

आता अडचण कुठे होते ते सांगतो. ए.ए.एस. झाल्यावर दोन वर्षांनी मनात येतं की बॅचलर्स करावं. तेव्हा कळतं की सामान्य शिक्षणाचे साधारण १५ क्रेडिट विद्यापीठ सहज घेतं, बाकीच्यांवर घासाघीस. पेरोल, ऑफिस सॉफ्टवेअर यांना तिकडे जागाच नसते, आणि मॅनेजमेंटसारखे विषय विद्यापीठ स्वतः तिसऱ्या वर्षी शिकवतं, त्यामुळे ते घेतले तरी ऐच्छिक म्हणून. काही विद्यापीठांनी ए.ए.एस. वाल्यांसाठी खास करार केलेत, पण ते मोजके आणि ठरावीक विषयांतले. न्यू जर्सीत तर हा फरक थेट राज्याच्या नियमातच आहे. तिथल्या राज्यव्यापी ट्रान्स्फर करारात ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) आणि ए.एस. पूर्ण धरल्या जातात, ए.ए.एस. त्यात नाही. तिथल्या एडिसनकडच्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगा.

याचा अर्थ ए.ए.एस. कमी दर्जाची असा काढू नये. आपल्याकडे तो लगेच काढला जातो, आणि मला तो चुकीचा वाटतो. सांगली-कोल्हापूरकडून बी.कॉम. करून आलेल्या आणि आता वर्क परमिट मिळालेल्या बाईने ए.एस. ला जाऊन पुन्हा कॅल्क्युलस आणि निबंध का करायचे? खरं तर तिला अख्ख्या ए.ए.एस. चीही गरज नाही. बुककीपिंग आणि पेरोलचं छोटं सर्टिफिकेट पुरतं, डेबिट-क्रेडिट तिला कुणी शिकवायला नको. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असून ईएडी (कामाचा परवाना) आलेलं नसेल तर शिकता येतं, पण पगारी इंटर्नशिप घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवून विषय निवडावे. अठरा वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं. त्याचं काहीच ठरलेलं नसेल तर मी ए.एस. सुचवेन. तिथून नोकरीच्या वाटेला वळलं तर थोडंच वाया जातं, उलट वळताना बरंच.

आणि अगदीच निर्णय होत नसेल तर पहिल्या सेमिस्टरला दोन्हीकडे साधारणपणे चालणारे विषय घ्यावेत: इंग्रजी लेखन, अकाउंटिंगचा पहिला पेपर, इकॉनॉमिक्स. कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठात कसा धरला जातो ते व्हर्जिनियात ट्रान्स्फर व्हर्जिनिया या सरकारी पोर्टलवर कोर्सच्या क्रमांकानिशी बघता येतं. नाव नोंदवण्याआधी बघावं, फी भरल्यावर नाही.