स्टोरेज नेटवर्क : बँडविड्थची आकडेमोड

डेटा सेंटरमधले सर्व्हर आणि त्यांचा डेटा जिथे साठवलेला असतो ते स्टोरेज ॲरे यांना जोडणारे जाळे म्हणजे स्टोरेज नेटवर्क. या जाळ्यातून दर सेकंदाला किती डेटा जाऊ शकला पाहिजे, म्हणजे किती बँडविड्थ हवी, याचा हिशेब स्विच आणि केबल मागवण्याआधी मांडावा लागतो. इतर नेटवर्कपेक्षा इथे चुकीला वाव कमी असतो. वेबपान अर्धा सेकंद उशिरा उघडले तर एक वापरकर्ता थांबतो; पण डेटाबेसची नोंद लिहून झाल्याची पोच ॲरेकडून वेळेत आली नाही, तर तिच्यामागे रांगेत असलेले सगळे व्यवहार अडकतात.

मूळ सूत्र सोपे आहे. एका सेकंदात वाचन-लेखनाच्या किती मागण्या येतात ती संख्या, म्हणजे आयओपीएस, गुणिले प्रत्येक मागणीतल्या ब्लॉकचा, म्हणजे एका वेळी उचललेल्या डेटाच्या तुकड्याचा, आकार. बँकेच्या व्यवहारांसारखे काम करणारा डेटाबेस ८ किलोबाइटचे ब्लॉक वापरत असेल (किलोबाइट १,०२४ बाइटचा धरून), तर ४०,००० मागण्यांचे सेकंदाला सुमारे ३२८ मेगाबाइट होतात. बाइटचे बिट करायला ८ ने गुणले की २.६ गिगाबिट. त्याच डेटाबेसवर रात्री अहवालांचे काम सुरू झाले आणि ते २५६ किलोबाइटच्या ब्लॉकने सलग वाचू लागले, तर अवघ्या ४,००० मागण्यांना सेकंदाला सुमारे १,०४९ मेगाबाइट, म्हणजे ८.४ गिगाबिट लागतात. मागण्या एक दशांश झाल्या आणि बँडविड्थ तिपटीहून वाढली. म्हणून ब्लॉकचा आकार न सांगता दिलेला आयओपीएसचा आकडा नेटवर्कच्या आखणीला उपयोगी पडत नाही.

वाचन आणि लेखन यांचे प्रमाणही वेगळे मागून घ्यावे. फायबर चॅनेल (खास स्टोरेजसाठीचे जाळे) आणि इथरनेट (इतर कामांसाठी वापरतात ते नेहमीचे जाळे) या दोन्हींत एकाच जोडणीतून दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण वेगाने डेटा जातो. वाचलेला डेटा ॲरेकडून सर्व्हरकडे येतो, लिहायचा डेटा उलट जातो. वरच्या उदाहरणात ७० टक्के वाचन असेल, तर एका दिशेला सुमारे २३० आणि दुसऱ्या दिशेला ९८ मेगाबाइट असा भार पडतो. दोन्हींची बेरीज करून लिंक निवडली तर धोका नसतो, मात्र खर्च उगाच वाढतो.

नावातला वेग आणि हाती येणारा वेग : ‘८ गिगाबिट’ फायबर चॅनेलचा तारेवरचा वेग ८.५ गिगाबॉड (सेकंदाला ८.५ अब्ज संकेत) असतो. त्यात दर ८ बिट पाठवायला १० बिट खर्ची पडतात, आणि हिशेबात एका दिशेला सेकंदाला ८०० मेगाबाइट धरले जातात. ‘१६ गिगाबिट’ पिढीत तारेवरचा वेग १४.०२५ गिगाबॉडच आहे. पण ६४ बिटांमागे ६६ बिट अशी काटकसरीची सांकेतिक पद्धत आल्याने क्षमता बरोबर दुप्पट, १,६०० मेगाबाइट झाली. १० गिगाबिट इथरनेटचे कागदावर १,२५० मेगाबाइट होतात. आयस्कझी, म्हणजे स्कझी या स्टोरेजच्या आज्ञा इंटरनेटच्या टीसीपी-आयपी नियमांनी नेण्याची पद्धत, वापरताना नेहमीच्या १,५०० बाइटच्या पॅकेटमागे तारेवर १,५३८ बाइटांची जागा जाते आणि टीसीपी-आयपीची हेडर वजा करता १,४६० बाइट उरतात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. ९,००० बाइटच्या जंबो फ्रेमने, म्हणजे मोठ्या पॅकेटने, हे प्रमाण ९९ टक्क्यांवर जाते. या चार टक्क्यांपेक्षा सर्व्हरला कमी पॅकेट हाताळावी लागतात हा लाभ मोठा आहे. मात्र वाटेतल्या एका जरी स्विचवर ही मर्यादा वाढवायची राहिली तर मोठी पॅकेट तिथेच गळतात, आणि लहान पॅकेटचा पिंग (जोडणी तपासण्याचा संदेश) व्यवस्थित चालत असल्याने दोष सापडायला वेळ लागतो.

सरासरी आणि कमाल भार : हिशेब नेहमी कमाल भारावर मांडतात, आणि कमाल भार मोजणे वाटते तितके सरळ नाही. देखरेखीची बरीच साधने दर पाच मिनिटांची सरासरी दाखवतात. एखादी लिंक ३० सेकंद शंभर टक्के भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर आलेखावर १० टक्के वापर दिसतो. त्या अर्ध्या मिनिटात डेटाबेस कासावीस झालेला असतो आणि आलेख निवांत असतो. आखणीपूर्वीची मोजणी काही सेकंदांच्या अंतराने व्हावी; तिच्यात महिनाअखेर, पगाराचा दिवस, वर्षअखेरचे हिशेब असे जड दिवस यायलाच हवेत. इंटरनेटच्या बिलासाठी वापरला जाणारा ९५ व्या पर्सेंटाइलचा नियम, म्हणजे सर्वांत जड पाच टक्के मोजण्या वगळून उरलेल्यांतली कमाल धरणे, इथे लावू नये. वगळलेल्या पाच टक्क्यांत महिन्याचे ३६ तास येतात आणि नेमके तेच कामाचे असू शकतात.

मोजलेल्या कमाल भाराने लिंक काठोकाठ भरूनही चालत नाही. रांगांच्या सर्वांत साध्या गणिती प्रारूपात ५० टक्के वापराला लागणारा सरासरी वेळ रिकाम्या लिंकच्या दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट होतो. प्रत्यक्ष नेटवर्क या प्रारूपाप्रमाणे तंतोतंत वागत नसले तरी वाढीची तऱ्हा हीच असते. ६० ते ७० टक्क्यांवर थांबण्याचा आखणीकारांचा प्रघात यातूनच आला आहे.

स्टोरेज नेटवर्क सहसा दोन स्वतंत्र फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विचच्या वेगवेगळ्या जाळ्यांत, बांधतात, ‘ए’ आणि ‘बी’. एक बंद पडले तर दुसऱ्याने सगळा भार पेलायचा असतो. त्यामुळे रोजच्या कामात दोन्ही ६० टक्क्यांवर चालत असतील तर प्रत्यक्षात पर्यायी मार्ग उरलेलाच नसतो. स्विचच्या दुरुस्तीच्या रात्री ते उघड होते. सर्व्हरच्या पोर्टची एकूण क्षमता आणि ॲरेच्या पोर्टची क्षमता यांचे गुणोत्तरही फॅब्रिकनिहाय तपासतात. एका फॅब्रिकमध्ये १६ गिगाबिटचे ४० सर्व्हर-पोर्ट आणि ३२ गिगाबिटचे ४ ॲरे-पोर्ट असतील तर हे गुणोत्तर ५ : १ येते. सगळे सर्व्हर एकदम पूर्ण वेगाने मागत नाहीत, म्हणून ते चालते. जुना ८ गिगाबिटचा सर्व्हर मात्र अशा जाळ्यात जपून जोडावा. तो मोठ्या वाचनाच्या मागण्या एकदम पाठवतो, ॲरे ३२ गिगाबिटने उत्तर देतो, आणि सर्व्हरला न पेलणाऱ्या फ्रेम स्विचमधल्या सामाईक लिंकवर साचून इतरांची वाट अडवतात.

व्यवहारांच्या भारापेक्षा बॅकअपचा भार अनेकदा मोठा निघतो. ४० टेराबाइट ८ तासांत उचलायचे म्हटले तर सेकंदाला १.३९ गिगाबाइट, म्हणजे ११.१ गिगाबिट लागतात. १० गिगाबिटची एक लिंक रात्रभर पूर्ण भरूनही पुरत नाही. बॅकअप सर्व्हर ज्या नेटवर्कवरून वाचतो त्यावरूनच पुढे लिहीत असेल, तर एकूण वाहतूक दुप्पट. सेफ (Ceph) या प्रणालीसारख्या वितरित, म्हणजे अनेक सर्व्हरवर पसरलेल्या, स्टोरेजमध्ये तीन प्रती ठेवताना ग्राहकाने लिहिलेल्या प्रत्येक गिगाबाइटमागे आतल्या नेटवर्कवर आणखी दोन गिगाबाइट फिरतात. प्रतींऐवजी ८ + ३ तुकड्यांची इरेजर कोडिंग (डेटाचे आठ तुकडे आणि त्यांवरून काढलेले तीन जादा तुकडे ठेवण्याची पद्धत) वापरली तर जागा वाचते, पण हरवलेला एक तुकडा पुन्हा घडवायला नेहमीच्या पद्धतीत दुसरे आठ वाचावे लागतात. डिस्क निकामी झाल्यावरची ही वाहतूक हिशेबात धरायचीच.

अंतर : दोन शहरांत डेटाची प्रत ठेवायची असेल, तर बँडविड्थइतकाच प्रकाशाचा वेग महत्त्वाचा होतो. काचेच्या तंतूत प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबई-पुणे अंतर रस्त्याने सुमारे १५० किमी; तंतू त्याच लांबीचा धरला तर जाऊन येण्याला १.५ मिलिसेकंद. स्कझीच्या नेहमीच्या लेखनात आधी आज्ञा, मग ‘पाठव’ असा होकार, मग डेटा, शेवटी पोच अशा दोन फेऱ्या होतात, म्हणजे ३ मिलिसेकंद. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये पुण्याची पोच आल्याशिवाय मुंबईतले लेखन पूर्ण मानत नाहीत. एकामागून एक लिहिणारी लॉग फाइल मग सेकंदाला ३३३ पेक्षा जास्त लेखने करू शकत नाही, लिंक १० गिगाबिटची असो की १०० ची.

फायबर चॅनेलमध्ये आणखी एक अट येते. समोरच्या पोर्टवर जितके बफर मोकळे, तितक्याच फ्रेम पोच येण्याआधी पाठवता येतात. त्यांना बफर क्रेडिट म्हणतात. १,६०० मेगाबाइटच्या वेगाने १.५ मिलिसेकंदांत २.४ मेगाबाइट डेटा वाटेत असतो. पूर्ण फ्रेम २,१४८ बाइटची, म्हणजे सुमारे १,१०० क्रेडिट हवीत. पोर्टला ५०० च मिळाली तर लिंक निम्म्याहून कमी वेगाने चालते आणि स्विचवर कुठलाही दोष नोंदला जात नाही. फ्रेम लहान असतील तर क्रेडिट आणखी लागतात.

शेअर बाजारांसाठीच्या सेबीच्या नियमांत या भौतिकशास्त्राचे प्रतिबिंब दिसते. आपत्कालीन केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात आणि ते जमत नसेल तर किमान ५०० किमी दूर असावे, आणि शिवाय डेटा अजिबात हरवू नये यासाठी एक जवळचे केंद्रही असावे, अशी ती रचना आहे. ५०० किमीला एकच फेरी ५ मिलिसेकंदांची होते. तिथली प्रत असिंक्रोनस, म्हणजे पोच येण्याची वाट न पाहणारी, ठेवणे व्यवहार्य ठरते. अशा प्रतीसाठी बँडविड्थ लेखनाच्या कमाल दरावर न ठरवता, किती मिनिटांचा डेटा मागे राहिलेला चालेल त्या काळातल्या सरासरी दरावर ठरवता येते. सिंक्रोनस प्रतीला ही सवलत नाही.

फिरत्या डिस्कच्या काळात नेटवर्क क्वचितच अपुरे पडे. मिनिटाला १५,००० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण १८० मागण्या पुऱ्या करी; ८ किलोबाइटच्या हिशेबाने अशा शंभर डिस्क मिळून १५० मेगाबाइटच्या आसपास, जे २ गिगाबिटच्या एका फायबर चॅनेल लिंकमध्ये मावत. एनव्हीएमई ड्राइव्हने, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान फ्लॅश साठ्याने, हे उलटवले. पीसीआय एक्स्प्रेसच्या (सर्व्हरच्या आत ड्राइव्ह आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) चौथ्या पिढीचा एक ड्राइव्ह सलग वाचनात सेकंदाला सुमारे ७ गिगाबाइट देतो, म्हणजे ५६ गिगाबिट, आणि असे दोन ड्राइव्ह १०० गिगाबिटची लिंक भरून टाकतात. चोवीस ड्राइव्हच्या पेटीची पूर्ण क्षमता बाहेर नेणारे नेटवर्क बांधणे बहुतेक ठिकाणी परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. गरज कामाच्या मोजलेल्या भारावरून ठरते, ड्राइव्हच्या माहितीपत्रकावरून ठरत नाही. सर्व्हरच्या आतही पाहावे लागते. १०० गिगाबिटचे दोन पोर्ट असलेले कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या १६ लेनच्या खाचेत बसवले, तर ती खाचच एका दिशेला १२६ गिगाबिटच्या वर जात नाही.