आधी रेशनकार्ड, मग आजार

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणजे राज्य सरकारच्या खर्चाने मोफत उपचारांची योजना. तिच्यात बसणाऱ्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या मदतनिसाच्या, टेबलाशी गेलं की पहिल्यांदा विचारतात, "रेशनकार्ड आणलंय?" पेशंटला काय झालंय, हे त्यानंतर. गहू-तांदळासाठी काढलेलं हे कार्ड अँजिओप्लास्टीच्या फाइलीत कसं येऊन बसलं, याला पाव शतकाचा इतिहास आहे.

स्वातंत्र्यानंतर आरोग्यविम्याचं छत्र आलं ते आधी पगारदारांवर. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८चा, प्रत्यक्ष सुरुवात १९५२मध्ये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची योजना १९५४ची. शेतमजूर, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया यांना सरकारी दवाखाना होता. तिथे जमलं नाही तर सावकार, नाहीतर मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आमदाराचं पत्र. महाराष्ट्राने १९९७मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना आणली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा महागड्या, मोजक्या आजारांपुरतीच ती होती.

पुढचा धडा शेजाऱ्यांनी घालून दिला. कर्नाटकात २००३मध्ये 'यशस्विनी' सुरू झाली. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांनी वर्षाला साठ रुपये भरायचे आणि ठरावीक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करून घ्यायची. सहकाराचं जाळं असलेल्या महाराष्ट्राला हे आधी सुचायला हरकत नव्हती. पण देशभर गाजली ती आंध्र प्रदेशची 'आरोग्यश्री'. मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी स्वतः डॉक्टर. सहायता निधीकडे उपचारांच्या खर्चासाठी अर्जांची रीघ लागलेली. ती एकेक चिठ्ठीने निस्तरण्यापेक्षा सगळ्या गरिबांचा विमाच काढावा, असं ठरलं आणि एप्रिल २००७मध्ये तीन जिल्ह्यांत योजना सुरू झाली. रुग्णाने एक पैसाही भरायचा नाही, रुग्णालयाचं बिल परस्पर भागणार.

पण सगळे गरीब म्हणजे कोण? आंध्रने रेशनकार्ड पुरेसं मानलं. तिथे गरिबाचं कार्ड पांढरं. आपल्याकडे पांढरं कार्ड म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. हैदराबादेत त्याच रंगावर फुकट बायपास होत होती. तमिळनाडूने वेगळी वाट धरली आणि वर्षाला ७२ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला मागितला. केंद्राने २००८मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली, कुटुंबाला तीस हजारांपर्यंतच्या उपचारांची. तिची भिस्त दारिद्र्यरेषेच्या याद्यांवर होती. त्या याद्यांत कोणाची नावं घुसली आणि कोणाची राहिली, हे गावात कुणालाही विचारावं.

महाराष्ट्राकडे तयार रंग होते. १ मे १९९९पासून इथे तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरी. पिवळ्या कार्डासाठी घरात टेलिफोन नसावा, अशीही अट होती. त्या काळी ते श्रीमंतीचं लक्षण होतं. अट कागदावर राहिली आणि मोबाइल खिशाखिशात गेले.

याच रंगांवर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना उभी राहिली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत, नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख, ९७२ उपचार. ढाचा बराचसा आरोग्यश्रीचा. खरी उडी होती ती केशरी कार्डाची, कारण त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या वरचा, पण एका ऑपरेशनने खाली घसरणारा मोठा वर्ग आत आला. पुढे मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही घेतलं. सोबत सातबारा हवा. २०१७मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं.

सप्टेंबर २०१८मध्ये रांचीहून केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली. पाच लाखांचं संरक्षण, पण लाभार्थी ठरले २०११च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून. महाराष्ट्रातली सुमारे ८४ लाख कुटुंबं त्यात बसली. १ एप्रिल २०२०पासून राज्याने दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्या. तरी काही वर्षं एकाच गल्लीत एका घराला पाच लाख आणि शेजारच्याला दीड लाख, असा प्रकार होता.

आरोग्यमित्राच्या टेबलावर याचं रूप काय होतं, ते नव्या सुनेच्या उदाहरणावरून दिसतं. सासरच्या कार्डावर नाव चढवायचं तर आधी माहेरच्या कार्डावरून कमी झाल्याचा दाखला लागतो. दोन तालुके, दोन पुरवठा शाखा. तोवर आजार थांबत नाही. आधारवर 'सुनीता', कार्डावर 'सुनिता', एवढ्यावरही काम अडतं. जुनं कार्ड ऑनलाइन नसेल तर बारा अंकी नंबर नाही, आणि नंबर नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. मग नातेवाईक तहसीलला धावतात, आणि वॉर्डात उरलेले एकमेकांना विचारत बसतात, "प्रीऑथ आलं का?" प्रीऑथ म्हणजे खर्चाची आगाऊ मंजुरी.

रंगांची भिंत पहिल्यांदा पाडली ती करोनाने. मे २०२०मध्ये राज्याने पांढऱ्या कार्डधारकांसह सगळ्या रहिवाशांना योजना खुली केली. मुदत घालून केलेली ती सोय होती. मग २८ जून २०२३ रोजी मंत्रिमंडळाने सर्व शिधापत्रिकाधारकांना, शिवाय कार्ड नसलेल्या पण अधिवास असलेल्यांनाही, पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. उपचारांची संख्या १३५६ झाली, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख. अंमलबजावणी सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर केंद्रानेही सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानमध्ये घेतलं.

एक गोष्ट मात्र जीवनदायीपासून फारशी हललेली नाही. योजना लागू होते ती बहुतांशी दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारांना. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, बाहेरून केलेल्या तपासण्या, तापाला घेतलेलं सलाइन हे सगळं अजून खिशातूनच जातं, कार्ड कुठल्याही रंगाचं असो.