जाड टायर, गरम मोटर

मागच्या चाकाला डायनॅमो लावायचा, त्याची वायर बॅटरीला जोडायची, की सायकल चालता चालता आपोआप चार्ज होत राहते; तेल कंपन्यांनी हे गुपित दडपून ठेवलंय. या अर्थाचा व्हिडिओ अधूनमधून मोबाईलवर येऊन थडकतोच. घरच्या घरी फॅट बाईकला, म्हणजे चार इंची जाड टायरच्या सायकलला, मोटर बसवू पाहणारी गोव्यातल्या डिचोली-फोंड्याकडची पोरं मला भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न त्या डायनॅमोबद्दल असतो आणि दुसरा, ‘किती वॅटची मोटर घालू?’ दोन्हींचं उत्तर मोटरच्या एकाच गुणधर्मात आहे. तो एकदा समजला की सायकल कशी जुळवायची हेही बरंचसं समजतं.

हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर. आत तांब्याच्या तारेची वेटोळी एक्सलला घट्ट बसवलेली, बाहेरच्या डब्याला आतून चुंबकांची रांग. कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मधली इलेक्ट्रॉनिक पेटी, वेटोळ्यांत आळीपाळीने वीज सोडते, चुंबक ओढले जातात, डबा फिरतो आणि त्याबरोबर चाक. एवढं शाळेत झालेलं असतं. पण तारेजवळून चुंबक सरकला की तारेत वीज निर्माण होते, हेही फॅरेडेने १८३१ साली दाखवलं होतं. म्हणजे आपली मोटर फिरत असताना तिची चुंबकं त्याच वेटोळ्यांत स्वतःचं व्होल्टेज तयार करत असतात. त्याची दिशा बॅटरीच्या विरुद्ध असते. लेंझचा १८३४ चा नियम तो हाच. या उलट्या व्होल्टेजला बॅक ईएमएफ म्हणतात. चाक जितकं वेगात, तितकं ते जास्त. चाक थांबलेलं असेल तर शून्य.

डायनॅमोचा निकाल इथेच लागतो. डायनॅमोतून वीज काढायला लागलात की त्याच नियमाने तो चाकाला मागे ओढतो आणि ती ओढ भरून काढायला मोटर बॅटरीतून जास्त वीज घेते. दोन्हीकडची गळती धरली तर बॅटरीत परत येतं त्यापेक्षा जास्त तिच्यातून जातं, दर मीटरला. यात कुठल्या तेल कंपनीने दडपून ठेवलेलं गुपित नाही. उतारावर मात्र वीज खरंच परत मिळते, पण किती ते पाहा. माणूस आणि सायकल मिळून ११० किलो वजन १०० मीटर उंचीवरून खाली आलं तर एकूण ऊर्जा सुमारे ३० वॅट-तास. त्यातली अर्धी परत बॅटरीत गेली असं धरलं, तरी कच्च्या वाटेवर जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरची सोय झाली.

आता दुसरा प्रश्न. ३६ व्होल्टची बॅटरी घेऊ. हिशेबासाठी धरा की ताशी २५ किलोमीटरला मोटरचं उलटं व्होल्टेज ३० आहे आणि वेटोळ्यांचा रोध ०.३ ओहम. सपाट डांबरी रस्त्यावर मोटर ८ अँपिअर घेते. चाकाला मिळाले ३० गुणिले ८, म्हणजे २४० वॅट. तारेत उष्णता होऊन गेले ८ चा वर्ग गुणिले ०.३, म्हणजे साधारण १९ वॅट. उत्तम कारभार.

मग येतो जांभ्याच्या सुट्या खड्यांचा, शंभर मीटरला दहा मीटर चढणारा रस्ता. वेग ताशी ५ किलोमीटरवर आला. उलटं व्होल्टेज ३० चं ६ झालं. चाक वर ढकलायला लागणारा जोर अँपिअरवर ठरतो आणि या चढाला मोटरच्या तारेतून सुमारे ३० अँपिअर जावे लागतात. चाकाला मिळाले ६ गुणिले ३०, फक्त १८० वॅट. उष्णता? ३० चा वर्ग गुणिले ०.३: २७० वॅट. वेग घटला, कामही आधीपेक्षा कमी झालं आणि तापणं चौदापट वाढलं. जोर अँपिअरच्या पटीत वाढतो, उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या पटीत. मोटरा जळतात त्या या वर्गापायी.

गंमत म्हणजे हे हँडलवरच्या डिस्प्लेवर दिसत नाही. तिथे बॅटरीतून निघणारे अँपिअर दिसतात आणि ते या चढावर फक्त साडेबारा असतात. बॅटरीतून साडेबारा आणि मोटरमध्ये तीस, हे कसं? कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात. मोटरला या घडीला १५ व्होल्ट हवेत (६ उलट्या व्होल्टेजचे, ९ तारेच्या रोधाचे), म्हणून ३६ व्होल्टची बॅटरी सुमारे ४२ टक्के वेळच जोडलेली राहते. उरलेल्या वेळात वेटोळ्यांचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला अडवणारा त्यांचा गुण, प्रवाह तुटू देत नाही; तोच प्रवाह बॅटरीला वगळून मोटर आणि मॉस्फेटच्या चक्रात फिरत राहतो. ३० चे ४२ टक्के, साडेबारा. डिस्प्ले ४५० वॅट दाखवतो, चालवणारा खूश होतो आणि त्यातले २७० वॅट एका बंद डब्यात साठत असतात. असा एक डबा मी उघडून पाहिला आहे. तारेवरचं मधाच्या रंगाचं इनॅमल काळपट-तपकिरी झालं होतं, एका बाजूला दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि चुंबकाची जागा ओळखणाऱ्या तीन हॉल सेन्सरपैकी एक फुटला होता.

टायरचा संबंध इथे येतो. जाड टायरने ‘घर्षण वाढतं’ असं सर्रास ऐकू येतं. शाळेतल्या नियमाप्रमाणे कोरड्या घर्षणाचा क्षेत्रफळाशी संबंध नसतो आणि टणक जमिनीवर ते बरंचसं खरं आहे. जाड टायरचं काम मऊ जमिनीवर सुरू होतं. मागच्या चाकावर ६० किलो भार असेल आणि टायरमध्ये ५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा, तर टायर जमिनीला साधारण १७ चौरस सेंटीमीटर टेकतो. हवा ८ पीएसआयवर आणा, हाच आकडा सुमारे १०७ होतो. अरुंद टायर इतक्या कमी हवेवर रिमपर्यंत दबेल; चार इंची टायरच्या पोटात तेवढी जागा असते. अलास्कातल्या बर्फवाटांसाठी सायकलवेड्यांनी दोन-दोन रिम एकत्र जोडून हेच साधलं आणि २००५ मध्ये सर्ली कंपनीच्या पग्सली या सायकलने ते सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणलं.

चाक रुतलं की त्याच्यापुढे मातीचा उंचवटा तयार होतो आणि चाक सतत स्वतःच्याच खड्ड्यातून वर चढत राहतं. मोटरच्या लेखी हा न संपणारा चढ: कमी वेग, जास्त अँपिअर आणि पुन्हा तो वर्ग. त्यामुळे मऊ जमिनीवर मोटर थंड ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय टायरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावर मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) आसपास ओली माती लागते, तिथे ८ आणि २० पीएसआयमधला फरक पायालाही कळतो आणि हबला हात लावला की हातालाही. पुढे डांबर लागलं की मात्र पुन्हा २० पर्यंत हवा भरावी, नाहीतर टायरचं रबर मुडपण्यातच बॅटरी खर्ची पडते.

समुद्रकिनाऱ्याबद्दल इथेच सांगतो. फॅट बाईक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वाळू येते, पण गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कोरड्या वाळूत पुरलेलं घरटं वरून ओळखू येत नाही. आपल्याकडे बांध आहेत, जांभ्याच्या वाटा आहेत, चोडण-दिवाडीची बेटं आहेत. हौस भागायला तेवढं पुष्कळ आहे.

मोटर निवडताना वॅटपेक्षा ती कुठे बसते ते आधी बघा. पेडलपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह सायकलचेच गियर वापरते. पुढे ३२ दात आणि मागे सगळ्यात मोठी ४२ दातांची चकती लावली, तर ताशी ५ किलोमीटरला क्रँक (पेडलचा दांडा) मिनिटाला ४७ फेरे घेतो. छोट्या ११ दातांच्या चकतीवर ताशी २५ ला ६२. म्हणजे चढावरही मोटर आपल्या नेहमीच्या वेगाच्या तीन चतुर्थांशाने फिरते, उलटं व्होल्टेज टिकून राहतं आणि उष्णता आटोक्यात राहते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या चढांसाठी मी डोळे झाकून हीच सांगेन. साखळी लवकर झिजते, ते सोसायचं. घेताना फ्रेम मोजा: साध्या सायकलीचा बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधली क्रँकच्या दांड्याची नळी) रुंदीला ६८ किंवा ७३ मिलिमीटर असतो, फॅट बाईकचा बहुधा १००. हब मोटरच घालणार असाल तर टॉर्क आर्मशिवाय, म्हणजे एक्सलला फिरू न देणाऱ्या पट्टीशिवाय, घालू नका. एक्सल ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे) गरकन फिरला तर वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निसटतं.

कायदाही वॅटचा मोह आवरतो. मोटरची अर्ध्या तासाची क्षमता २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच ती मोटार वाहनात मोडत नाही. हजार वॅटचं किट बसवलंत की नोंदणी, विमा, परवाना सगळं आलं.

बॅटरी मात्र घरी जुळवू नका. ३६ व्होल्टसाठी दहा सेल एकापुढे एक लागतात, अशा तीन-चार रांगा, आणि त्यातला एक जरी दुबळा निघाला तरी लिथियमची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल तर नकोतच. बीएमएससह, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटसह, तयार पॅक घ्या आणि उन्हात उभ्या केलेल्या सायकलवर तो ठेवू नका.

राहिला पाऊस. मोटरची वायर एक्सलच्या भोकातून आत जाते आणि पाणी त्याच वायरवरून ओघळत आत शिरतं. वायर एक्सलपाशी पोचण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. खाऱ्या हवेत उघड्या पिनांवर हिरवा थर चढायला फार दिवस लागत नाहीत. आणि पंपावरच्या गेजवर विसंबू नका. तो शंभरच्या पुढपर्यंत मोजायला बनवलेला असतो, ८ आणि १२ मधला फरक त्याला कळत नाही. ० ते ३० पीएसआयचा वेगळा गेज मिळतो, तो घ्या.