चराची भिंत हलायच्या आधी

एक घनमीटर ओली माती सहज पावणेदोन टन भरते. ड्रेनेजसाठी खणलेल्या दोन मीटर चराची भिंत तासभर निमूट उभी राहते आणि एकदम बसते. छातीपर्यंत गाडलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो. श्वास सोडला की छाती आत जाते, ती जागा माती घेते, पुढचा श्वास येत नाही. म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा नियम असा, की 1.5 मीटर किंवा त्याहून खोल चराला उतार द्या किंवा आधार.

लाकडी टेकूची अडचण ही, की तो ठोकायला कुणालातरी आधाराविना खाली उतरावं लागतं. शिवाय माती सरकून टेकूवर रेलते, तेव्हा कुठे तो काम करू लागतो.

हायड्रॉलिक शोअरिंग, म्हणजे द्रवाच्या दाबाने भिंतींना दिलेला आधार, आधी रेटतं. अ‍ॅल्युमिनियमचे दोन उभे रेल, त्यांच्यामध्ये सिलिंडर. दुमडलेला संच वरूनच चरात सोडतात, उघडतात, नळी जोडून हातपंप मारतात. किती दाब द्यायचा ते उत्पादकाच्या तक्त्यात असतं. 2 इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये 1000 पीएसआय (दर चौरस इंचावर 1000 पौंड) दाब भरला तर रेटा होतो सुमारे 1.4 टन. नळी काढली तरी झडप द्रव अडवून धरते. पुढे माती जास्त रेटू लागली तर आतला दाब आपोआप वाढतो. अमेरिकी नियमांप्रमाणे असा सिलिंडर पूर्ण लांबीवरही किमान 18,000 पौंड, म्हणजे 8 टनांहून जास्त भार पेलणारा हवा.

दोन संचांमधली माती उघडीच दिसते, ते पाहून नवखा माणूस बिचकतो. पण दाबलेल्या दोन पट्ट्यांमध्ये मातीची आडवी कमान तयार होते आणि तीच मधला भाग धरते. म्हणून अमेरिकी नियमांच्या तक्त्यात किमान तीन संच, सारख्या अंतरावर. 10 फुटांपर्यंत खोल चरात हे अंतर 8 फूट चालतं. मध्यम घट्ट मातीत 15 ते 20 फूट खोलीला साडेपाच फूट. उभ्या दिशेत सिलिंडर एकमेकांपासून 4 फुटांच्या आत. माती सुटून पडत असेल तर मागे प्लायवूड लावतात, पण ते फक्त ढेकळं अडवतं. भार पेलणं त्याचं काम नाही. वाळूत किंवा पाणी झिरपणाऱ्या मातीत कमान टिकतच नाही. तिथे आडव्या तुळया आणि सलग पत्रे लागतात.

आपल्या काळ्या मातीने इथे फसवू नये. उन्हाळ्यात ती दगडासारखी लागते, पण भेगाळलेली माती अमेरिकी नियमाने पहिल्या, म्हणजे सर्वांत घट्ट मातीच्या प्रतीत बसतच नाही.

चुका बहुधा साध्याच असतात. जेसीबीच्या बकेटने भिंत पोखरलेली असली की रेलमागे पोकळी राहते, मग कमान कशावर उभी राहणार? ती पोकळी आधी भरायची. खणलेली माती काठावर टाकली तर तिचं वजन भिंतीवरच येतं. ती 1.5 मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, जे जास्त असेल तेवढी लांब हवी. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा तपासणी. गळका सिलिंडर दिसला तर माणसं आधी वर घ्यायची, मगच पंपाला हात लावायचा.

काढतानाही कुणी खाली उतरत नाही. संचाला वरून दोर बांधून, लांब दांड्याच्या हत्याराने झडप उघडतात आणि संच ओढून घेतात.