दुहेरी काच आणि नागपूरचे ऊन
गच्चीवरच्या काचेच्या खोलीला दुहेरी काच बसवली की ती उन्हाळ्यात थंड राहते, हा जुना समज अर्धाच खरा आहे. दोन काचांमधली बंदिस्त हवा बाहेरच्या झळा अडवते. परंतु काच साधी पारदर्शक असेल तर सूर्यकिरणांतील सुमारे ७० टक्के उष्णता सरळ आत येऊन फरशी तापवते आणि मग तीच बंदिस्त हवा ती उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. आतला पडदा तर ऊन शिरल्यावर जागा होतो. नागपुरात मेअखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून छप्पर काचेचे न करता उष्णतारोधक करावे आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरूनच सावली द्यावी. वाळ्याचे पडदे खिडकीबाहेर टांगतात, ते उगाच नव्हे.